तिसऱ्या डॉक्टरचा हातगुण

नमस्कार श्रोतेहो.

गड्ड्याची जत्रा उरकली की आमच्या सोलापुरात दवाखान्यांतल्या बाकांवर एकच आवाज असतो, खोकल्याचा. नंदीध्वजांमागची गर्दी, होम मैदानावरची धूळ, पहाटेचा गारठा आणि दुपारी डोक्यावर ऊन. माणूस येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, ताप गेला, सर्दी गेली, पण खोकला काय हटंना बगा."

माझा दवाखाना पूर्व भागात आहे. दोनेक वर्षांपूर्वी तिथं विड्या वळणाऱ्या एक आक्का आल्या, सोबत चार वर्षांचा नातू. पिशवीतून तीन चिठ्ठ्या काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. चिठ्ठ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. खोकला सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी त्या एका डॉक्टरकडं गेल्या, अँटिबायोटिक घेतलं. अकराव्या दिवशी दुसरे डॉक्टर, त्याहून भारी अँटिबायोटिक. अठराव्या दिवशी तिसरे, आणखी भारी गोळी आणि वर इंजेक्शन. "तिसऱ्याचा गुण आला," आक्का म्हणाल्या. "तीन दिवसांत खोकला बंद. आता ह्यालाबी तीच गोळी लिवून द्या."

आता गंमत अशी, की तो गुण तिसऱ्या डॉक्टरचा नव्हता. तो तारखेचा होता.

सर्दी-पडशानंतर छातीत उतरणारा हा खोकला म्हणजे बहुतेक वेळा ब्राँकायटिस. श्वासनलिका छातीत गेल्यावर तिला फांद्या फुटतात, त्या फांद्यांचं आतलं अस्तर सुजतं. हे अस्तर कसं असतं? आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलला हात लावून बघा. उभे, मऊ, बारीक धागे. तसेच, पण डोळ्यांना न दिसणारे केस नळीच्या आत असतात आणि ते रात्रंदिवस धूळ, बेडका वर घशाकडं ढकलत राहतात. विषाणू आला की हे केस झडतात. टॉवेल घासून गुळगुळीत झाला म्हणा ना. मग बेडका वर चढवायला एकच मार्ग उरतो, खोकणं. विषाणू आठवड्याभरात गेला तरी नवे केस उगवायला वेळ लागतो. तोवर नळी हुळहुळी असते. गार वारा लागला, फोडणीचा ठसका बसला, जोरात हसलं, की खोकल्याची उबळ.

म्हणून हा खोकला सहज दोन-तीन आठवडे चालतो. पेशंटला वाटतं, आठ दिवसांत जायला हवा होता, म्हणजे औषध लागू पडलं नाही. ब्राँकायटिस बहुतेक विषाणूंमुळं होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, मग ते कितीही भारी असो. बेडका पिवळा-हिरवा झाला तरी घाबरायचं कारण नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी लढाईत उतरल्या की तो रंग येतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करू नये.

मग घरी काय करायचं? नातवासाठी मी आक्कांना मध सांगितला. रात्री झोपताना एक चमचा. मुलांचा रात्रीचा खोकला मधानं उतरतो, हे तपासून पाहिलेलं आहे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या जंतूंमुळं त्या वयात बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला मध चाटवायचा हट्ट धरणाऱ्या आज्जींना माझी हात जोडून विनंती आहे. आणि खोकल्याचं सिरप? दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये आणि पाच वर्षांखालीही शक्यतो नको, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये बजावलंय. घरात मागची उरलेली बाटली असेल तर ती आजच टाकून द्या.

मोठ्यांसाठी कोमट पाणी, आल्याचा चहा, हळदीचं दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. यानं आजार एक दिवसही कमी होत नाही, पण घसा सुखावतो, झोप लागते, आणि आजारपणात झोप काही लहान गोष्ट नाही. उशाला आणखी एक उशी घ्या. वाफ घ्यायची तर मोठ्यांनी, जपून. उकळत्या पातेल्यावर लेकराला वाकवू नका, भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्येष्ठमधाची काडी चघळायला छान लागते, पण बीपी असलेल्यांनी ती रोज चघळू नये, बीपी चढतं. आणि बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू असेल, तर कोरडा ठसका त्या गोळीचाही असू शकतो. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

धुराचं मात्र काही चालवून घेऊ नका. विडी-सिगारेट तर आलीच. पण डासांची कॉइल, उदबत्ती, चूल, मिश्री भाजताना उठणारा खाट, हे सगळं त्या उगवत्या केसांवर जातं. झाडताना आधी पाण्याचा शिपका मारा. आक्का मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखूत बसायच्या, नाकाला पदरही नसायचा. निदान पदर तरी बांधा म्हटलं. सूतगिरणीत काम करणाऱ्यांनी एक खूण ध्यानात ठेवावी: सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, तर तो साधा खोकला नाही, कापसाच्या धुळीचा त्रास असू शकतो. आणि वर्षातले ३ महिने, अशी सलग २ वर्षं बेडका पडत असेल तर तो जुनाट ब्राँकायटिस, त्याची वाट वेगळी.

आता तुम्ही मला पकडाल. खोकला तीन आठवडे चालतो म्हणता, मग थांबायचं किती? थांबायचं, पण दिवस मोजत. आपल्याकडं टीबी आहे, म्हणून खोकल्याला २ आठवडे झाले की थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. बहुतेकांची चांगलीच येते. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, छातीत दुखलं, ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही, वजन घटायला लागलं किंवा रात्री घामानं अंथरूण भिजलं, तर दोन आठवडेही थांबू नका. लहान मुलाचा श्वास शांत असताना मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

आक्का गेल्या पावसाळ्यात पुन्हा आल्या. या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी कोळशानं खूण केली होती. "आज पंधरावा दिस," म्हणाल्या, आणि पिशवीतून धुतलेली लोणच्याची बाटली काढली. थुंकी घरूनच आणली होती! मी हसू दाबलं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, छातीतून खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ नको, आणि डबी आरोग्य केंद्रातलीच घ्यायची, हे समजावलं. रिपोर्ट चांगला आला. मी काहीच लिहून दिलं नाही. एकविसाव्या दिवशी खोकला गेला.

भाजीबाजारात भेटल्या तेव्हा मी विचारलं, "काय आक्का, आला का माझा गुण?"

"तुमचा कसला गुण," त्या म्हणाल्या, "तुमी तर कायच दिलं न्हाई. त्यो आपला आपणच गेला की ओ."