काय बदलणार आणि काय मोजणार?

(सांगली येथे सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

धरून चाला, तासगावकडच्या सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘बेदाणा करताना द्राक्षं डिपिंगच्या पाण्यात का बुडवतात?’ (डिपिंग म्हणजे द्राक्षं सुकवायला ठेवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवणं.) प्रश्न झकास आहे. पण त्यावरून उद्या तासाला नेमकं काय करायचं, ते कळत नाही. ‘का’नं सुरू होणाऱ्या बहुतेक प्रश्नांची हीच गत. आपण फळ्यावर उत्तर लिहितो, मुलं उतरवून घेतात, विषय मिटतो.

म्हणून आधी प्रश्नांची वर्गवारी मुलांकडूनच करून घ्या. प्रत्येकानं दोन चिठ्ठ्या लिहायच्या आणि गटानं त्यांचे तीन ढीग करायचे: पुस्तकात उत्तर मिळेल ते, नुसत्या आवडीनिवडीचे, आणि करून बघता येतील ते. ‘हळद पिवळी कशामुळे?’ हा पहिल्या ढिगात जाईल. ‘भडंग सांगलीचं चांगलं की कोल्हापूरचं?’ हा दुसऱ्या. यावर वर्गात भांडण होणारच, होऊ द्या. मग विचारा, ‘चांगलं’ मोजायचं कशानं? कोणीतरी ‘कुरकुरीतपणा’ म्हणेल. तो तरी कसा मोजणार? इथून ‘१०० ग्रॅम भडंग उघड्या ताटात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं, तर २४ तासांत कशाचं वजन किती वाढतं?’ इथवर यायला फार वेळ लागत नाही. हवेतली ओल शोषली की वजन वाढतं, आणि ते काट्यावर दिसतं.

आता डिपिंगकडे वळू. मुलांना एकच सांगा: प्रश्नात दोन जागा भरल्या पाहिजेत, आपण काय बदलणार आणि काय मोजणार. मग प्रश्न असा होतो: ‘डिपिंगच्या पाण्यात ३ मिनिटं बुडवलेल्या आणि न बुडवलेल्या द्राक्षांचं वजन ७ दिवसांत किती घटतं?’

यातही एक चूक लपलेली आहे. एक गट ओला झाला, दुसरा कोरडाच राहिला. म्हणजे बदललेल्या गोष्टी दोन झाल्या, पाणी आणि त्यातलं द्रावण. दुसरा गटही साध्या पाण्यात ३ मिनिटंच बुडवायचा, दोन्ही निथळून मगच पहिलं वजन घ्यायचं. द्राक्षं एकाच घडातली, ताटल्या सारख्या, जागा एकच. एक ताटली खिडकीत आणि दुसरी कपाटात ठेवली, की सगळं मुसळ केरात. डिपिंगचं पाणी पोटॅशियम कार्बोनेटमुळे अल्कधर्मी असतं. ते शिक्षकांनीच हाताळावं, हातमोजे घालून. आणि ही द्राक्षं खायची नाहीत, हे दोनदा सांगा; तरी कोणीतरी तोंडात टाकायला बघेलच.

वजनकाटा हा खरा अडथळा. शाळेतला काटा बहुधा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि एक मणी ३-४ ग्रॅमचा. एकेक मणी तोलला तर तीन दिवस आकडा जागचा हलत नाही, आणि मुलं ‘काहीच झालं नाही’ लिहून मोकळी होतात. ताटलीत ५० मणी एकत्र तोला. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे घटायला भरपूर वाव आहे.

प्रयोगाआधी परिकल्पना (काय होईल आणि का, याचं विधान) लिहिताना मुलं ‘जर’ आणि ‘तर’ पाठ करतात आणि ‘कारण’ सोडून देतात. ‘जर डिपिंग केलं, तर लवकर सुकतील’ हा नुसता अंदाज झाला. ‘...कारण सालीवरचा मेणाचा थर विस्कटला की आतलं पाणी लवकर बाहेर पडतं’ हे जोडलं, की ती परिकल्पना. ‘कारण बेदाण्याच्या शेडवर तसंच करतात’ असं कोणी लिहिलं तर खोडू नका; शेडवाल्यांना तसं का करावंसं वाटलं असेल, एवढं विचारा. परिकल्पना पेनानं लिहून घ्या, वर तारीख घाला. पेन्सिलीनं लिहिलेली परिकल्पना आठव्या दिवशी आपोआप बरोबर निघते! आणि गुण ‘कारण’ला द्या, अंदाज खरा ठरण्याला नको.

द्राक्षांच्या प्रत्येक गटाच्या निदान तीन ताटल्या हव्यात. साध्या पाण्यातल्या एखाद्या ताटलीला बुरशी आली तर ती गुपचूप टाकून न देता वहीत नोंदवायची. शेवटी दोन गटांच्या सरासरीतला फरक बघण्याआधी एकाच गटातल्या तीन ताटल्यांमध्ये आपसात किती फरक आहे ते बघा. तो तेवढाच असेल, तर ‘अजून सांगता येत नाही’ हेच उत्तर लिहायला लावा आणि ताटल्या वाढवून पुन्हा मांडा.