मांडीवरच्या बाळापासून

(दृश्य: पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना कौटुंबिक फोटो. कॅमेरा चेहऱ्यांवरून सावकाश सरकतो.)

चार पिढ्या. मधोमध खुर्चीत पणजी, मागे उभी कर्ती माणसं, पुढ्यात पोरंटोरं. असा फोटो हाती आला की नजर आधी सगळ्यांत म्हाताऱ्या चेहऱ्याकडे जाते. फोटो कधीचा आणि त्यात कोण, याचा शोध मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा, पणजीच्या मांडीवरच्या तान्ह्यापासून.

म्हातारं माणूस साठीचं की पंचाहत्तरीचं, हे चेहऱ्यावरून सांगणं कठीण. बाळाच्या वयाचा अंदाज चुकला, तर चुकून चुकून किती चुकणार? काही महिन्यांनी. त्याची जन्मतारीख नोंदीत सापडली की फोटोचं वर्ष हाती आलंच. कपड्यांचंही तेच. वयस्कर मंडळी तरुणपणीची धाटणी सहसा सोडत नाहीत. काळ कळतो तो तरुण मुलींच्या वेशावरून.

(दृश्य: तिरप्या उजेडात फोटोची कड.)

मग कागद पाहायचा. अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद १८५० मध्ये आला. तो पातळ, गुंडाळी होणारा, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवत. काळ्या भागावर आरशासारखी निळसर चकाकी दिसली, तर फोटो बहुधा जिलेटिनचा थर दिलेल्या कागदावरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा किंवा त्यानंतरचा.

फोटो पत्र्यावर असेल आणि लोहचुंबक त्याला धरत असेल, तर तो टिनटाइप. त्यात प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. एखाद्या घराण्यातले 'डावखुरे पणजोबा' केवळ या पत्र्याने घडवलेले असू शकतात!

(दृश्य: फोटोची मागची बाजू. पेन्सिलीची पुसट अक्षरं.)

मागची बाजू कधीच वगळू नये. स्टुडिओचं नाव-पत्ता असेल, तर तो त्या जागी कोणत्या वर्षांत होता, हे जुन्या जाहिरातींतून शोधता येतं. आणि इथे पेन्सिलीने लिहिलंय, 'आई'. कुणाची आई? लिहिणाऱ्याची. म्हणजे आधी हस्ताक्षर ओळखायला हवं, चेहरा नंतर.

घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो दाखवाल तेव्हा 'हे कोण?' एवढ्यावर थांबू नका. 'यात कोण नाही?' असं विचारून पाहा. बाळाची आई चौकटीत नसेल, तर ती गेली होती, आजारी होती की तेव्हा दुसऱ्या गावी होती? लगेच गोष्ट रचायची घाई नको. शेजारी उभे म्हणजे नवरा-बायको, हेही गृहीत धरू नये. कुणाला कुठे उभं करायचं, हे बऱ्याचदा फोटोग्राफरच ठरवायचा.

आणखी एक. फोटो आपोआप रंगवणारी, चेहरे ठळक करणारी ॲप्स डोळे-ओठ स्वतःच्या अंदाजाने भरतात. घरी टांगायला ते ठीक; ओळख पटवायला मूळ फोटोचं स्कॅनच हवं, दोन्ही बाजूंचं.

(दृश्य: पणजीचा चेहरा.)

समजा, बाळाचा जन्म १९१० मधला निघाला आणि पणजी तेव्हा पंचाहत्तरीची होती. म्हणजे तिचा जन्म १८३५ च्या आसपासचा. फ्रान्सच्या दागेर या संशोधकाची छायाचित्रण पद्धत जगापुढे आली १८३९ मध्ये. या बाईच्या आईवडिलांचा एकही फोटो कधी निघाला नसण्याची शक्यता मोठी. तिच्या मागे जायचं, तर यापुढे जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे दस्त आणि कुणी जपून ठेवली असतील तर पत्रं.