अंगठीला आधी सांधा भेटतो

बांगड्या भरायला कासाराकडे गेलेलं तुमच्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. कासार मनगटाकडे बघत नाही. तो पंजा हातात घेतो, अंगठा आत वळवतो, बोटांच्या मुळाशी दाबून बघतो आणि म्हणतो, ‘ताई, दोन सहा.’ बांगडी राहणार मनगटावर, पण तिला आधी पंजा ओलांडायचा असतो, म्हणून माप पंज्याचं. दोन सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले सहा. दोन चारला आपण सव्वादोन म्हणतो, दोन आठला अडीच. हे घरोघरी ठाऊक आहे. अंगठीच्या वेळी मात्र तीच गोष्ट आपण विसरतो. अंगठी बोटाच्या मुळाशी बसते, पण तिथे पोचण्याआधी तिला मधला सांधा ओलांडावा लागतो.

मी वडिलांच्या बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, बसून हे काम शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली एक अंगठी मला अजून आठवते. साखरपुड्याची होती. मुलाच्या आईनं होणाऱ्या सुनेच्या बोटाला दोरा गुंडाळून गाठ मारून आणला होता. त्या गाठीवर मी विश्वास ठेवला आणि अंगठी केली. समारंभात ती सांध्यावर अडली. मुलानं जोर लावला, बोट लाल झालं, आणि फोटो काढेपर्यंत ती मुलगी अर्धवट चढलेली अंगठी धरून उभी राहिली. दोन दिवसांनी अंगठी माझ्याकडे आली. आत दोघांची नावं कोरलेली. वर खडे असल्यामुळे ठोकून वाढवता येत नव्हती, म्हणून ती कापून मध्ये सोन्याचा तुकडा घालून डाग द्यावा लागला, म्हणजे झाळून जोडावा लागला. जोड बाहेरून कुणाला दिसला नसता, मला दिसत होता. चूक माझी होती. मी मुलीला बोलवून घ्यायला हवं होतं.

तो दोरा का फसला, ते नीट सांगतो, कारण आजही माणसं दोराच आणतात. आपल्याकडचा अंगठीचा नंबर ढोबळमानाने असा निघतो: अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून 40 वजा करा. घेर 52 मिलिमीटर असेल तर नंबर 12. घेर 54 असेल तर 14. म्हणजे एका नंबराला घेरात फक्त एक मिलिमीटरचा फरक. दोरा ओढून धरला की ताणतो, कातडीत रुततो, गाठीत थोडा खर्च होतो. दोन मिलिमीटर कुठेही जातात, आणि दोन मिलिमीटर गेले की दोन नंबर गेले. व्यासाचं तर आणखी नाजूक आहे. 12 नंबरचा आतला व्यास साधारण 16.5 मिलिमीटर, 14 नंबरचा 17.2. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी अंगठीवर आडवी धरून अर्धा मिलिमीटर चुकलात, तर दीड नंबर चुकलात. हल्ली मोबाइलवर वर्तुळं असलेला तक्ता दाखवतात, त्यावर अंगठी ठेवून बघा म्हणतात. ठेवा, पण आधी तो तक्ता खऱ्या आकारात दिसतोय का ते तपासा. तक्त्यावर सेंटिमीटरची पट्टी छापलेली असेल तर तिच्यावर एटीएम कार्ड धरा. कार्डाची लांबी 85.6 मिलिमीटर असते, सगळ्या बँकांची सारखीच. ते जुळलं नाही तर तक्ता उपयोगाचा नाही.

घरी मोजायचंच असेल तर दोरा सोडा आणि कागद घ्या. जाडसर कागदाची पाचसहा मिलिमीटर रुंद पट्टी कापा, बोटाच्या मुळाशी गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे पेन्सिलनं खूण करा. मग तेच सांध्यावर करा. दोन आकडे येतील. ते सारखे असतील तर प्रश्नच नाही. सांधा मोठा असेल तर नंबर दोघांच्या मध्ये, सांध्याकडे झुकता घ्यायचा. अंगठी सांध्यावरून थोडी वळवत, थोडा विरोध जाणवून उतरली पाहिजे. सहज घसरून येत असेल तर एक दिवस ती भांडी घासताना मोरीत जाईल. आणि जिथे ती बसणार तेच बोट मोजा. उजव्या हातानं काम करणाऱ्याचं उजवं बोट बरेचदा डाव्यापेक्षा जाड असतं. डाव्या अनामिकेची अंगठी हवी असताना उजव्या हातावर माप घेऊन गेलेले लोक मी पाहिले आहेत.

आता वेळेबद्दल, आणि यावर मला जास्त बोलायचंय. बोट दिवसभर एकसारखं नसतं. सकाळी उठल्यावर हात सुजल्यासारखे वाटतात. जिने चढून, उन्हातून चालून आलात की बोटं फुगतात. लोणचं-पापड भरपूर झालेल्या जेवणानंतर फुगतात. थंडीत आणि एसीत आक्रसतात. सराफाच्या दुकानात तर एसी असतोच! मे महिन्याच्या दुपारी रिक्षातून उतरून लगेच बोट पुढे केलंत तर माप मोठं येईल, तासभर गार हवेत बसून मग पुढे केलंत तर छोटं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी पाणी देतो, पंधरा मिनिटं बसवतो आणि मग मापाच्या कड्यांचा जुडगा काढतो. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी परत बोलावतो. काहींना याचा कंटाळा येतो. पण पन्नास वर्षं घालायच्या वस्तूसाठी दोन फेऱ्या मला जास्त वाटत नाहीत.

गरोदर बाईचं माप शेवटच्या महिन्यांत घेऊ नये. डोहाळेजेवणाला अंगठी द्यायचीच असेल तर तिची आधीची अंगठी मापाला मागून घ्या, किंवा बाळंतपणानंतर काही महिने थांबा. त्या दिवसांत रोजच्या अंगठ्या घट्ट व्हायला लागल्या तर वेळीच काढून ठेवा. आणि हात-चेहरा अचानक सुजला तर सोनाराकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते.

रुंद पट्ट्याची अंगठी त्याच नंबरची घेतली तर आवळते, कारण ती जास्त कातडी दाबते. अर्धा ते एक नंबर वाढवून घ्या. अमेरिकेतल्या मुलाला किंवा सुनेला अंगठी पाठवणाऱ्यांनी नुसता ‘सहा’ असा निरोप घेऊ नये. तिकडचा 6 म्हणजे आपला साधारण 12 आणि तिकडचा 7 म्हणजे 14. मिलिमीटरमध्ये घेर मागवा, मग देश कुठलाही असो.

‘नंतर कमीजास्त करून देऊ’ असं दुकानात सांगतात. साध्या, बिनखड्याच्या अंगठीबाबत ते खरं आहे. एकदोन नंबर ओढून वाढवता येते, त्यापुढे तुकडा घालावा लागतो. गोलाकार सगळीकडे खडे असलेल्या अंगठीत जवळजवळ काहीच करता येत नाही. तापवताना-वाकवताना कोंदणं सैल होतात, पोवळ्या-मोत्यासारखी रत्नं आग सहनच करत नाहीत. टंगस्टनची अंगठी तर वाढतही नाही, कमीही होत नाही. कापायची वेळ आली तर आतला हॉलमार्क वाचवायला सांगा. 1 एप्रिल 2023 पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर 916सारख्या शुद्धतेच्या शिक्क्याशेजारी अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा वेगळा क्रमांक असतो. करवत त्यावरून जाता कामा नये. आणि काम देण्याआधी आणि घेताना, दोन्ही वेळा अंगठी तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवायला लावा.

आपल्या जुन्या दागिन्यांत हा ताण कमी होता. बोटाभोवती गुंडाळलेली वेढणी उघडी असतात, जोडवी उघडी असतात, बोट बदललं की चिमटीत दाबली किंवा सैल केली. बंद अंगठीला ती सोय नाही.

माझ्या आईचे सांधे वयाबरोबर सुजले. बोटाची मुळं मात्र बारीक राहिली. तिची लग्नातली अंगठी सांध्यावरून जाईना, आणि वाढवली की मुळाशी भोवऱ्यासारखी फिरे. मी ती सांध्याच्या मापानं वाढवली आणि आतल्या बाजूला, तळाकडे, सोन्याचे दोन बारीक मणी डाग देऊन बसवले. अंगठी सांधा ओलांडते आणि मग मण्यांवर टेकून स्थिर राहते. ज्यांच्या घरी आई-आजीची अंगठी डब्यात पडून आहे, त्यांनी आपल्या सोनाराला हे विचारावं. साधं काम आहे.

मी येताना मापाच्या कड्या आणल्या आहेत, त्या मागच्या टेबलावर आहेत. आत्ता एकदा बोट घालून बघा आणि नंबर कागदावर लिहा, बोटाचं नाव आणि हात, डावा का उजवा, तेही लिहा. मग चहा घ्या, थोडं बाहेर फिरून या आणि परत मोजा. दोन आकडे वेगळे आले तर माझ्याकडे या, आपण तिसऱ्यांदा मोजू.