आण्णांच्या सॅकमधली कुसळं

हे बघा, चिमट्यानं सॅकच्या वेल्क्रोतनं जे ओढून काढतायत ना, ती कुसळं आहेत, आमच्या सांगलीच्या रानातली. आण्णांची ही सॅक वर्षभर बांधावर पडलेली असते, आणि ती आता अंटार्क्टिकाला निघालेल्या जहाजावर आलीय. किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी सगळ्यांचे खिसे, शिवणी, बुटांचे तळवे तपासतात, व्हॅक्यूम मारतात. आण्णांना आधी पटेना, एवढ्याशा कुसळानं काय होतंय. मग गाईडनं सांगितलं की इथं फुलं येणाऱ्या स्वतःच्या वनस्पती फक्त २ जातींच्या आहेत, आणि किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या संशोधन केंद्राभोवती बाहेरून आलेलं एक साधं गवत रुजलं ते अजून उपटत बसावं लागतंय. आण्णा लगेच म्हणाले, "म्हंजे आपल्या गाजरगवतासारखंच की!" त्यानंतर त्यांनी स्वतःच सॅक उलटी केली.

सकाळी हाफ मून बेट. जहाज लांब उभं राहतं आणि झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून न्यायचं. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा आम्हाला अशाच बोटीतनं घरातून काढलं होतं, त्यामुळं मला वाटलं आण्णा घाबरणार. पण बोटवाल्यानं पंजा न धरता मनगटाच्या वर घट्ट धरलं, आणि आण्णा हळूच म्हणाले, "तवा बी असंच धरलेलं." बस्स, बसले.

उतरल्यावर आधी वास येतो, पेंग्विनच्या विष्ठेचा, चांगलाच उग्र. हे चिनस्ट्रॅप पेंग्विन, हनुवटीखाली टोपीच्या बंदासारखी काळी रेघ. त्यांच्यापासून ५ मीटर लांब राहायचं. बर्फात त्यांच्या येण्याजाण्यानं पायवाटा पडल्यात, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, ते येत असले की आपण थांबायचं. एका वेळी १०० च्या वर माणसं उतरवत नाहीत. बर्ड फ्लूमुळं खाली बसायचं नाही, सॅकही टेकवायची नाही. आण्णा सत्तरीचे आहेत, पण तासभर उभे राहून बघत होते, मला वाटतं घरातल्या कुठल्या लग्नात पण ते एवढं शांत उभे राहिले नसतील.

दुपारी डिसेप्शन बेट. हे बेट म्हणजे अख्खा ज्वालामुखी, मधे खचलेला, एका बाजूनं समुद्र आत शिरलाय, आणि त्या चिंचोळ्या तोंडातून जहाज आत जातं. आत व्हेलर्स बे नावाच्या खाडीत वाळू काळीभोर, पाण्याच्या कडेनं कधी कधी वाफ येते. हे गंजलेले बॉयलर आणि टाक्या व्हेलच्या तेलाच्या. नॉर्वेच्या कंपनीनं १९१२ ला इथं कारखाना टाकला, १९३१ ला तेलाचे भाव पडल्यावर बंद केला. नंतर ब्रिटिशांचा तळ होता, तो १९६९ च्या उद्रेकानंतर सोडून दिला, चिखलाच्या लोंढ्यानं इमारती मोडल्या. आण्णांनी ती मोडकी भिंत बराच वेळ बघितली. पूर ओसरल्यावर आमच्या घरात पण गुडघाभर गाळ होता.

परत निघताना किनाऱ्यावरच बूट घासायचे. गाईड ब्रश घेऊन पुढं आला तर आण्णांनी तो त्याच्या हातातनं घेतला, वाकून तळव्याच्या खाचाखाचातनं एकेक काळा कण काढला, पाण्यात बुचकळला, परत बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाय वर कर गं, तुझ्या टाचंत हाय अजून."