आकडा नेमका कशाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्वी पेशंट दवाखान्यात यायचा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले रिपोर्ट घेऊन. आता खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाईल पुढे येतो, "डॉक्टर, हे बघा." बीपी, शुगर, नाडी, ऑक्सिजन, झोप, पावलं, सगळं रंगीत आलेखात. मला याचा त्रास होत नाही. मी फक्त एक प्रश्न विचारतो: हा आकडा आला कुठून? आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

मध्यंतरी सत्तरीचे एक काका आले होते. मोबाईलवर बीपी ११८ बाय ७६. मी दंडाला पट्टा बांधला, तर १७२ बाय ९८. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, फारसा फरक नाही. मग हळूच कळलं की काकांनी बीपीची गोळी अर्धी केली होती. का? तर "मोबाईल नॉर्मल दाखवतोय ना!" अ‍ॅप फुकटचं, नातवाने टाकून दिलेलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, की अर्ध्या मिनिटात आकडा हजर.

कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की फोन काय बघतो? फ्लॅशचा उजेड बोटातून जातो, प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातलं रक्त किंचित वाढतं आणि उजेड किंचित कमी होतो. हे चढउतार मोजले की नाडी मिळते, आणि ती बऱ्यापैकी बरोबर मिळते. पण नाडी म्हणजे बीपी नव्हे. धमनीतला दाब मोजायचा तर कशानं तरी तिच्यावर दाब द्यावा लागतो, म्हणून तर पट्टा फुगवतात. नुसतं बोट टेकवून दाब सांगणारी साधी अ‍ॅप्स बहुधा अंदाजच बांधतात.

अमेरिकेत अशाच एका अ‍ॅपचं प्रकरण गाजलं. वय, उंची, वजन भरायचं, फोन छातीशी धरायचा, बोट कॅमेऱ्यावर. लाखाहून अधिक लोकांनी पैसे मोजून ते घेतलं होतं. तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते तपासलं आणि निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले: बीपी खरोखरच वाढलेलं होतं अशा दर ५ जणांपैकी जवळपास ४ जणांना अ‍ॅपने ते वाढलेलं नसल्याचं दाखवलं होतं. माणूस घाबरला तर निदान डॉक्टरकडे तरी जातो. इथे उलट, आजारी माणसाला निर्धास्त करणारी चूक होती. त्याच वर्षी तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने कंपनीवर कारवाईही केली.

म्हणून अ‍ॅप कोणतंही असो, आधी बघायचं: अंगाला काय लागलंय? फोन हा पोस्टमन आहे. पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं. दंडाच्या पट्ट्याने बीपी मोजून ब्लूटूथने फोनकडे पाठवलं, तर ते पत्र पट्ट्याचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनात घराघरात आला. तो लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि कोणता किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन काढतो. बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच मुद्दाम बसवलेली असते, फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून. तेव्हा नुसत्या कॅमेऱ्याने ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपवर श्वास लागलेल्या माणसाला सोपवू नका.

शुगरचंही तेच. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाईन ढिगाने विकायला आहेत. औषधं-उपकरणं तपासून मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने अशा आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

आता जे खरंच चालतं त्याकडे येऊ. दंडाला मागच्या बाजूने चिकटवायचा गोल सेन्सर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली काही मिलिमीटर जाते आणि साधारण पंधरवडाभर दर काही मिनिटांनी शुगर मोजते. तीही रक्तातली नव्हे बरं का, पेशींच्या मधल्या पाण्यातली! म्हणून शुगर झपाट्याने बदलत असेल तेव्हा हा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. जेवल्यावर लगेच बोटाला टोचून ताळा पाहणारे गोंधळतात, "दोन्ही वेगळं कसं?" वेगळंच येणार. आणखी एक गंमत: त्या कुशीवर झोपलात की सेन्सर दाबला जातो आणि मध्यरात्री शुगर ६० झाल्याचा भोंगा वाजतो. घर जागं होतं, आई साखरपाणी घेऊन धावते, आणि बोटाची तपासणी ११० दाखवते. घाम, थरथर असं काही नसेल तर आधी कूस बदला, बोटाला टोचून बघा, मग साखर. लक्षणं असतील तर मात्र आकड्याची वाट न बघता साखर.

पण या सेन्सरच्या फोनवर दिसणाऱ्या आलेखाने जे शिकवलं ते मला वीस वर्षं बोलून पटवता आलं नव्हतं. एकादशीचंच घ्या. "डॉक्टर, आज उपास, काही खाल्लं नाही," म्हणणाऱ्या वहिनींचा आलेख साबुदाण्याच्या खिचडीनंतर सरळ डोंगर चढलेला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, हे मी कितीदा सांगितलं असेल! आलेख बघितल्यावर पुढच्या एकादशीला त्यांनी आपणहून वरीही कमी केली आणि ताक-दाण्यांवर भागवलं. आम्ही डॉक्टर त्यात बघतो ते हे, की २४ तासांपैकी किती वेळ शुगर ७० ते १८० च्या दरम्यान राहिली. बहुतेक मधुमेहींसाठी ७० टक्के, म्हणजे दिवसाचे साधारण १७ तास, हे ध्येय धरतात. वयस्कर, एकटे राहणारे यांच्यासाठी ते सैल करतो. एकच खंत, सेन्सर महाग आहे आणि दर पंधरवड्याला नवा लागतो. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे इन्सुलिनवरच जगणाऱ्या मुलांना तो सतत हवा. इतरांना वर्षातून एक-दोनदा लावला तरी पुष्कळ कळतं.

आईबापांची गोष्ट निघालीच आहे तर, हा आकडा लांबच्या माणसाच्या फोनवर जायला लागला तो एका बापामुळे. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने आपल्या मधुमेही लहानग्याच्या सेन्सरची माहिती इंटरनेटवर आणण्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. तोपर्यंत ती मुलाजवळच्या छोट्या यंत्रावरच दिसायची. मूल शाळेत, बाप ऑफिसात, करणार काय? त्यातून पालकांनी शुगर लांबून बघण्याची 'नाइटस्काउट' ही सोय उभी केली. त्यांची घोषणा होती, आम्ही वाट बघत बसणार नाही. कंपन्यांची तशी सोय नंतर आली. आज सांगलीत बसलेल्या वडिलांची शुगर न्यू जर्सीतली मुलगी बघते आणि फोन करते, "बाबा, जिलबी खाल्लीत ना?" बाबा चिडतात, सेन्सर काढून ठेवतो म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. कोणाला आकडा दिसावा हे ज्याच्या अंगाला सेन्सर आहे त्याला विचारून ठरवा. आणि भोंगा वाजला तर रात्री शेजारून कोण येणार, तेही आधी ठरवा. अमेरिकेतून साखर देता येत नाही.

आपल्याकडे फोनने उपचारांवर लक्ष ठेवण्याचा मोठा प्रयोग क्षयरोगात झाला. 'नाइंटीनाइन डॉट्स' त्याचं नाव, साधा बटणांचा फोनही चालायचा. गोळ्यांच्या पाकिटावर खास वेष्टन, गोळी काढली की आत लपलेला नंबर दिसणार, पेशंटने त्यावर फुकटचा कॉल द्यायचा, की आरोग्य कर्मचाऱ्याच्या यादीत त्या दिवसाची नोंद. कल्पना झकास. पण संशोधकांनी मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरच्या पेशंटांच्या घरी अचानक जाऊन लघवीत आयसोनिआझिड या औषधाचा अंश तपासला, तेव्हा निघालं की कॉल न देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गोळी घेतलेली होती. फोन घरात एकच आणि तो नवरा कामावर घेऊन गेलेला, रेंज नाही, किंवा रोज रोज कॉल द्यायचा कंटाळा. फोन गोळी मोजतच नव्हता, कॉल मोजत होता. "तुम्ही औषध चुकवताय" असं अशा पेशंटला दरडावलं तर तो परत दवाखान्याची पायरी चढेल का?

घड्याळांबद्दल थोडक्यात. मनगटावरचा हिरवा प्रकाश ठोक्यांची अनियमितता पकडू शकतो आणि काहींना त्याचा खरंच फायदा झाला आहे. पण ईसीजी काढणारं घड्याळसुद्धा हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दाटून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर घड्याळात "सर्व ठीक" दिसलं तरी १०८ ला फोन करा.

काकांचं पुढे काय, असं विचाराल. दंडाला बांधायचं मशीन घेतलं, पट्टा त्यांच्या दंडाच्या मापाचा. घट्ट झालेला छोटा पट्टा आकडा फुगवतो. सकाळी चहा-तंबाखूच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी मशीनला जोडलेलं अ‍ॅप काढतं. घरी ती १३५ बाय ८५ च्या खाली हवी. इथे अ‍ॅपचा मोठा उपकार असा की त्यात वाईट आकडाही आपोआप नोंदला जातो. वहीत महिनाभर एकाच शाईने १२०-८०, १२०-८० लिहून आणणारे मी खूप पाहिलेत.

अ‍ॅप घेताना ते तुमच्या फोनमधले इतरांचे नंबर, फोटो मागत असेल तर नाही म्हणा, बीपीला त्यांची गरज नसते. आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात येताना मोबाईलबरोबर ते मशीनही पिशवीत टाका. आमच्या मशीनशेजारी ठेवून दोन्हींचा आकडा पडताळून बघायला दहा मिनिटं लागतात. वर्षातून एकदा केलं तरी पुरतं.

नमस्कार.