अरबी समुद्राखालची उसवलेली शिवण

पडद्यावर दिसते आहे ते 1966 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे गोव्यातील दोनापावल येथील मुख्यालय आहे. येथून नैऋत्येला दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, याच अरबी समुद्राच्या तळाशी, भारतीय आणि आफ्रिकी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते अवाढव्य तुकडे, वर्षाला साधारण 2 ते 3 सेंटिमीटर वेगाने एकमेकांपासून दूर सरकत आहेत. या सीमेवरील पर्वतरांगेला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. नाव ओळखीचे वाटले, तर ते बरोबरच आहे. ही रांग 1928 ते 1930 या काळातील ‘डाना’ या डॅनिश मोहिमेत सापडली, आणि त्या मोहिमेला कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रतिष्ठानाचे पाठबळ होते.

भूपट्ट दूर सरले तरी मध्ये पोकळी उरत नाही. खालचा तप्त खडक वर येऊ लागतो, त्यावरचा दाब उतरतो, आणि केवळ दाब उतरल्यामुळेच तो अंशतः वितळतो. तळावर बाहेर पडलेला शिलारस थंडगार पाण्यात तत्काळ थिजतो आणि त्याचे उशांसारखे गोळे बनतात. तळहातावरचा हा काळा तुकडा अशाच एका उशीचा आहे; त्याची बोटभरही जाड नसलेली साल काचेसारखी चकाकते, कारण तिथे स्फटिक तयार व्हायला वेळच मिळाला नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील माथ्यावरचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनी बेसाल्ट, म्हणजे शिलारस थिजून बनलेला काळा खडक, याच कुळातला असला, तरी तो भूपट्टांच्या सीमेवर जन्मलेला नाही.

पुढचे दृश्य याच रांगेच्या दक्षिणेकडील मध्य हिंदी महासागरी रांगेवरचे आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेसह डिसेंबर 2024 मध्ये 4,500 मीटर खोलीवर हे उष्णजलाचे झरे टिपले. भेगांतून झिरपलेले समुद्राचे पाणी खाली तापते, खडकातील लोह, तांबे आणि गंधक विरघळवून घेते आणि वर उसळते. अशा झऱ्यांचे पाणी साडेतीनशे अंशांपर्यंत तापले, तरी डोक्यावरच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. आपल्याच किनाऱ्यावरील संस्थांचे हे काम गोव्यातील किती शाळांपर्यंत पोहोचले असेल, असा प्रश्न चित्रीकरणादरम्यान वारंवार पडत होता.

अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ, भूपट्ट दूर सरकण्याच्या उलट घडते. तेथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली शिरतो. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तेथे 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली. यापुढची दृश्ये पणजीतील मिरामारच्या पुळणीवरची आहेत.