ढगाच्या पोटातली खळबळ

[दृश्य : गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर, माथ्यावर ढगांची रांग]

ऑक्टोबरातली दुपार. खारे वारे आत सरकले की सह्याद्रीच्या कडेला क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगांच्या राशी उठतात. त्यांच्या तळाची उंची जमिनीवरूनच काढता येते. तापमान 32 अंश, दवबिंदू 24. फरकाच्या दर अंशाला 125 मीटर. म्हणजे साधारण 1000 मीटर.

आतली हवेची खळबळ मोजायला मात्र विमानच आत घालावं लागतं.

[दृश्य : विमानाचं नाक, पुढे आलेला दांडा]

दांड्याच्या टोकाला पाच छिद्रांचा प्रोब, म्हणजे हवेचा दाब टिपणारी नळी. मधलं छिद्र समोरचा दाब घेतं, वरखालच्या जोडीतून हवेचा उभा कल कळतो, डाव्या-उजव्या जोडीतून आडवा. दांडा लांबच हवा, कारण विमान आपल्या पुढची हवा आधीच वर ढकलत असतं.

खरी मेख वजाबाकीत आहे. विमान सेकंदाला 100 मीटर धावतंय. ढगातला वर जाणारा झोत सेकंदाला 1 मीटरचा असेल, तर हवा जेमतेम 0.6 अंश तिरकी येते. कोन 0.1 अंशाने चुकला की झोत 0.17 मीटरने चुकला! त्यात विमानाचं स्वतःचं डोलणं. ते जायरो (विमानाचा कल टिपणारं उपकरण) आणि जीपीएसच्या नोंदींवरून वजा करायचं. प्रोबचं आणि या नोंदींचं घड्याळ जरासं मागेपुढे झालं, तर विमानाचे हेलकावे ढगाच्या खात्यावर पडतात.

म्हणून आधी समुद्रावर, शांत हवेत, वैमानिक मुद्दाम नाक वरखाली करतो. हिशोबात उरलेला उभा वारा विमानाच्या उभ्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहून कमी हवा. नसेल, तर कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची जुळणी, पुन्हा.

[दृश्य : काचेवर पाणी, बाहेर सगळं पांढरं]

गोव्यावर शून्य अंशाची पातळी सुमारे 5 किलोमीटरवर, त्यामुळे लहान ढगांत बर्फाची धास्ती नाही. पाण्याची आहे. छिद्र तुंबलं की दाबाचा आलेख सपाट पडतो. भिजलेला तापमापकही थंड दाखवतो.

किलोमीटरभर रुंदीचा ढग 10 सेकंदांत संपतो. सेकंदाला 100 नोंदी, म्हणजे मीटरमागे एक. वळून येईपर्यंत ढग पालटलेला असतो. आणि दाबोळी विमानतळाचं हवाई नियंत्रण नौदलाकडे, तेव्हा मनाला येईल तसं वळताही येत नाही. त्यापेक्षा एकाच उंचीवर बरेच ढग भेदावेत, मग उंची बदलावी.

[दृश्य : संगणकावर वर्णपटाचा आलेख]

वर्णपट म्हणजे लहान-मोठ्या भोवऱ्यांत खळबळीची ऊर्जा कशी वाटली गेली आहे त्याचा आलेख. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांच्या 1941च्या सिद्धांतानुसार, दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले तर त्याचा उतार उणे 5/3 यायला हवा. त्यावरूनच खळबळीची ऊर्जा किती वेगाने विरते ते काढतात. लहान क्युम्युलसमध्ये हवेच्या किलोमागे 1 मिलिवॉटच्या आसपास. उतारावर मध्येच टेंगूळ दिसलं, तर आधी दांडा तपासावा. बहुधा तोच थरथरत असतो.